पिशवी तिच्या हातात, पैसा कोणाच्या?



बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत काम करताना आम्ही बाजाराच्या दिवशी एकच चित्र पाहतो. नवरा भाव न विचारता किराणा उचलतो, कमी पडले तर उधारीवर लिहायला सांगतो. बायको चार ठिकाणी फिरून पाव किलो डाळ घेते. वर तिलाच ऐकावे लागते, "बायकांना बाजार कळत नाही." पण महिनाअखेरीस रिकामा डबा उघडते तीच!

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातील 18 वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. त्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळते. तेल, मीठ, मिरची मात्र रोखीनेच घ्यावी लागते. आणि रोकड नवऱ्याच्या खिशात. मग ही कुटुंबप्रमुख कसली?

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते की, पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे. आम्ही कार्यकर्ते मंचावर हे सांगतो, पण घरी हिशेब विचारला की चिडतो. आमची घरेही त्याला अपवाद नाहीत.

तिची मजुरी आणि आपला पगार एकाच वहीत मांडा. यादी दोघांनी करा, पिशवीही आलटून पालटून उचला. समतेची सुरुवात किराण्याच्या यादीपासूनही होते.