कुलूप लावले म्हणजे झाले काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची किल्ली हरवली. नाक्यावरच्या चावीवाल्याला बोलावले. त्याने डब्याच्या पत्र्याची कापलेली एक पट्टी काढली, कुलपाच्या दांड्यालगत सरकवली, आणि आम्ही 'किती वेळ लागेल?' असे विचारेपर्यंत कुलूप उघडलेसुद्धा! घरात शिरलो, पण रात्री झोप लागेना. आमच्या पेटीत रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका. नवरा-बायको दोघेही कामावर गेल्यावर या सगळ्याची राखण एवढेसे कुलूप करते.

आम्ही चावीवाल्यालाच कारण विचारले. जे कुलूप नुसते दाबले की खटकन् बसते, त्याच्या पोटात स्प्रिंगवरचा खटका असतो. तो दांड्याच्या खाचेत अडकतो. हलक्या कुलपात तो किल्लीवाचूनही मागे सरतो. मग किल्लीला कितीही दाते असोत, उपयोग काय?

हे छापले तर चोर शिकतील, असे काहींना वाटेल. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हीच ओरड झाली होती. हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने तेव्हा चब आणि ब्रामा यांची नामांकित कुलपे किल्लीवाचून उघडून दाखवली. ब्रामाच्या कुलपाला तर साठ वर्षे कोणी हरवले नव्हते! हॉब्जचे म्हणणे साधे होते. चोराला हे आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते घरमालकाला.

तेव्हा भगिनींनो, आजच आपले कुलूप हातात घ्या. किल्ली न लावता दांडा दाबून पाहा. खटकन् बसला, तर ते कुलूप कोळशाच्या पेटाऱ्याला ठेवा. दारासाठी किल्ली फिरवल्याशिवाय बंदच होत नाही असे कुलूप घ्या. त्यात पत्र्याची पट्टी चालत नाही. दांडा जाड असावा, आणि कुलूप लावल्यावर तो कमीत कमी उघडा राहावा.

मग कडी-कोयंडा पाहा. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर चोर कुलपाला हातही लावणार नाही. स्क्रू काढून कुलपासकट कोयंडा उचलून नेईल. तेथे आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूने आवळा. खर्च थोडा, काम अर्ध्या तासाचे.

आम्ही दोन्ही केले. चावीवाल्याला पुन्हा बोलावून पट्टी लावायला सांगितली. त्याने दोनदा प्रयत्न केला, हसला आणि म्हणाला, "ताई, आता किल्ली हरवू नका!"