एक चौक, तीन गाड्या, तीन हिशेब

एसटी, मेट्रो आणि पीएमपी. तिन्ही आपल्याच पैशांवर चालतात. पण त्यांना हिशेब विचारतं कोण?

सकाळी साडेआठला स्वारगेटच्या जेधे चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. इकडे एसटी स्टँड, तिकडे पीएमपीचा डेपो आणि मुख्य कार्यालय, आणि पायाखाली मेट्रोचं भुयारी स्टेशन. कुठल्याही गाडीत बसा, तिकीट तर तुम्ही काढताच. शिवाय तुमच्या-आमच्या करातलाही पैसा तिच्यात गेलेला असतो. म्हणजे एकाच गाडीसाठी आपण दोनदा पैसे मोजतो.

1 जून 2025 ला पीएमपीचं किमान तिकीट पाचवरून दहा रुपयांवर गेलं. महिन्याचा पास 1500 रुपयांचा झाला. त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: ‘अरे, पण हे ठरवलं कुणी? आणि त्यांना कुणी काही विचारलं की नाही?’

पुढे इंटर्नशिपमध्ये डेस्कवरच्या सरांनी मला ‘कॅग’चा एक जाडजूड अहवाल वाचायला दिला. खरं सांगू? पहिली दहा पानं वाचून झोप आली. पण ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायची वाट इथूनच जाते, हे हळूहळू लक्षात आलं.

आधी एसटी

1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. आजचं एसटी महामंडळ हे खास कायद्यानं उभं राहिलेलं महामंडळ आहे. त्याचे हिशेब कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, तपासतात. अहवाल विधिमंडळात मांडला जातो. तिथे सार्वजनिक उपक्रम समिती असते. ती अहवालातले आक्षेप निवडते, अधिकाऱ्यांना समोर बसवते आणि ‘हे असं का झालं?’ असं विचारते.

जून 2025 मध्ये राज्य सरकारनं एसटीची श्वेतपत्रिका काढली. त्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला होता. आकडा बघून आपण लगेच म्हणतो, ‘घोटाळा असणार!’ जरा थांबा. एसटीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत सरकारनं ठरवली आणि तिचे पैसे सरकारनं भरायचे आहेत. तोट्यात चालणाऱ्या गावाकडच्या फेऱ्या बंद करा, असं तर कुणीच म्हणणार नाही. त्यामुळे नुसत्या तोट्यावरून काहीच कळत नाही. सवलतीचे पैसे वेळेवर मिळाले का, गाड्यांची खरेदी नीट झाली का, मोक्याच्या जागा कुणाला कशा भाड्यानं दिल्या, हे कळायला हवं. समितीनं खोदून काढायचं ते हेच.

मग मेट्रो

मेट्रो चालवणारी महामेट्रो ही कंपनी आहे. तिच्यात केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा वाटा. पुण्याच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर 2016 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता 11,420 कोटी. त्यात परदेशी बँकांचं कर्जही आहे. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला.

कंपनी कायदा सांगतो, की ज्या कंपनीत केंद्राचं, राज्याचं किंवा दोघांचं मिळून किमान 51 टक्के भागभांडवल आहे, ती सरकारी कंपनी. तिचा लेखापरीक्षक कॅग नेमतं, वर स्वतःही तपासणी करू शकतं. केंद्र आणि राज्य दोघंही भागीदार असतील तर वार्षिक अहवाल संसदेतही जातो आणि विधिमंडळातही. म्हणजे मेट्रोला जाब विचारायची दोन घरं आहेत.

हा कारखाना आला कुठून?

खर्चावर नजर ठेवणारी समिती ही मूळ ब्रिटिश संसदेची कल्पना. तिथे ती 1861 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे लोकलेखा समिती 1921 मध्ये आली. आज तिच्यात 22 खासदार असतात: लोकसभेचे 15, राज्यसभेचे 7. मंत्र्यांना प्रवेश नाही. 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, असा पायंडा आहे. ज्यानं खर्च केला त्यानंच हिशेब तपासायचा नाही, इतकी साधी गोष्ट.

सरकारी कंपन्यांसाठी वेगळी समिती 1964 मध्ये झाली. त्याआधी एक मोठं प्रकरण गाजलं होतं. 1956 मध्ये स्थापन झालेल्या एलआयसीनं दुसऱ्याच वर्षी हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत हा विषय लावून धरला. लक्षात घ्या, ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावईसुद्धा! मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघडपणे चौकशी केली. 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विचारल्यापासून राजीनाम्यापर्यंत सगळं जेमतेम दोन-तीन महिन्यांत.

पण उशीर झाला तर?

हा वेग नेहमी दिसत नाही. स्वारगेटहून मेट्रोत बसा आणि पिंपरीत उतरा. तिथली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपल्या भाषेत ‘एचए कंपनी’, 1954 मध्ये केंद्र सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभारली. देशात पेनिसिलिन बनवणारी ही सरकारी कंपनी पुढे तोट्यात गेली. 1997 मध्ये ती ‘आजारी उद्योग’ म्हणून पुनर्रचना मंडळाकडे गेली. 2006 मध्ये पुनरुज्जीवनाचं पॅकेज आलं. डिसेंबर 2016 मध्ये जादा जमीन विकून देणी भागवायचा निर्णय झाला. आणि जुलै 2019 मध्ये थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी केंद्रानं 280.15 कोटींचं कर्ज मंजूर केलं.

1997 ते 2019, म्हणजे 22 वर्षं. माझं वयही तेवढंच आहे. या सगळ्या काळात हिशेब तपासायची यंत्रणा कायद्यानं होतीच. आक्षेप कागदावर येणं आणि त्यावर वेळेत निर्णय होणं यात किती अंतर पडू शकतं, हे एचए कंपनीकडे बघून कळतं. त्या अंतराची किंमत कामगारांच्या घरांनी मोजली.

समितीच्या मर्यादाही माहीत हव्यात. ती शिफारस करते, आदेश देत नाही. तिच्या बैठका बंद दाराआड होतात. सरकारला ‘काय कारवाई केली’ याचं उत्तर द्यावं लागतं, पण ‘शिफारस मान्य नाही’ असंही उत्तर देता येतं. बाहेर कुणी वाचणारं, विचारणारं असेल तरच त्या शिफारशीला वजन येतं.

आणि आपली पीएमपी?

आता परत स्वारगेटला या. पीएमपी म्हणजे 2007 मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून केलेली कंपनी. मालक दोन: पुणे महापालिका 60 टक्के, पिंपरी-चिंचवड महापालिका 40 टक्के. तिची तूटही त्या याच प्रमाणात भरतात. पण मघाची व्याख्या आठवा. तिच्यात केंद्र आणि राज्य सरकारचं नाव आहे, महापालिकेचं नाही. त्यामुळे मेट्रोसारखा संसदेपर्यंतचा सरळ रस्ता पीएमपीला नाही. तिला जाब विचारायची पहिली जागा म्हणजे दोन्ही महापालिकांची मुख्य सभा.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली. निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. पीएमपीच्या संचालक मंडळावर दोन्ही शहरांचे महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष असतात. ती पदंच रिकामी. म्हणजे तिकीट दुप्पट झालं तेव्हा निर्णय घेणाऱ्या टेबलावर आपण निवडून दिलेला नगरसेवक नव्हता, आणि त्या निर्णयावर प्रश्न विचारणारी मुख्य सभाही नव्हती.

भाडेवाढ चुकीची होती, असं मी म्हणत नाहीये. डिझेल, सीएनजी, पगार, सगळंच वाढलंय. कदाचित वाढ गरजेचीही असेल. पण ‘का?’ हा प्रश्न सभागृहात उभा राहून विचारायला कुणीतरी असायला हवं होतं. ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते असं: त्या दिवशी विचारणारं अधिकृतपणे कुणीच नव्हतं.

मग आपण काय करायचं?

आता नगरसेवक आलेत. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला एकच विचारा: ‘पीएमपीचा वार्षिक हिशेब मुख्य सभेत कधी येणार?’ माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, म्हणजे पीएमपीच्या सर्वांत स्वस्त तिकिटाइतक्याच पैशांत. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 फायली बघू देण्याची पद्धतही सुरू झाली होती. 2018 मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढून ती महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या इतर कार्यालयांनाही लागू केली होती. कॅगचे अहवाल तर नेटवर फुकट आहेत. सगळा वाचू नका, एसटीवरचा एखादा परिच्छेद वाचा.

मी महापालिकेत जाणार आहे. पीएमपीला दिलेल्या पैशांची फाईल मागणार आहे. वेळ असेल तर तुम्हीही या. जाताना बसनंच जाऊ, पैसे आधीच भरलेत.