उचलीच्या हिशेबात शाळा कुठे आहे?

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्यात शाळा भरते जूनमध्ये आणि गाव रिकामे होते दसरा-दिवाळीच्या सुमाराला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे वर्ष असे मधोमध फाटलेले असते. पावसाळ्याचे चार-पाच महिने आपल्या कोरडवाहू तुकड्यावर, नाहीतर दुसऱ्याच्या रानात. मग उसाचा हंगाम कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या फडात. मुलांचे पहिले सत्र गावच्या शाळेत होते. दुसरे कुठे होईल, किंवा होईल की नाही, हे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने कुठल्या कारखान्याची टोळी धरली त्यावर अवलंबून. दरवर्षी यावर हळहळ होते आणि दरवर्षी तेच निदान ऐकू येते, की या पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे निदान चुकीचे आहे, आणि सोयीचेही आहे, कारण त्यात पालकांखेरीज कुणालाच काही करावे लागत नाही. या मुलांची शाळा अडली आहे ती उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, हिशेबात. हा हिशेब जिथे ठरतो, त्या बैठकीत शाळेचा विषय मजुरीच्या दराइतक्या जोराने कधी मांडलाच जात नाही.

तो हिशेब आधी नीट पाहिला पाहिजे. हंगामाच्या आधी, घरात पैशाची चणचण असते तेव्हाच, मुकादम उचल देतो. ती एका माणसाला मिळत नाही, जोडप्याला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त रक्कम आगाऊ हातात येते आणि ती बियाण्यात, दवाखान्यात, लग्नात, जुन्या देण्यात जाते. मग ती टनाटनाने फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला २७३ रुपये मिळत होते ते ३६६ झाले. ही वाढ लहान नव्हती. पण गुणाकार करून पाहा. चांगल्या फडात एका कोयत्याचे दिवसाला दोन टन धरले तर ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६. हा दिवस पहाटेच्या काळोखात सुरू होतो आणि गाडी भरून निघेपर्यंत संपत नाही. एकशेवीस दिवस असे काम झाले तर सुमारे ८८ हजार, ऐंशी दिवस झाले तर ५८ हजार. आजारपणाने काम बुडाले तर खाड्याचा दंड वेगळा. म्हणजे लाखाची उचल फिटायची की अंगावर राहायची, हे कष्टावर कमी आणि हंगाम किती दिवस चालतो यावर जास्त ठरते. हंगाम तर पावसाच्या, लागवडीच्या आणि बाजाराच्या हातात. २०२१-२२ मध्ये राज्यात तेराशे लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला आणि काही ठिकाणी धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. २०२४-२५ मध्ये गाळप साडेआठशे लाख टनांच्या आसपास आले आणि सरासरी हंगाम नव्वद दिवसही टिकला नाही. पहिल्या वर्षी कुटुंब गावी पोहोचेपर्यंत नवे शालेय वर्ष दारात आलेले. दुसऱ्या वर्षी ते लवकर परतले, पण मागची बाकी डोक्यावर घेऊन. ती बाकी पुढच्या उचलीत वळती होते आणि पुढच्या वर्षी जायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

या हिशेबात मूल कुठे बसते? कागदावर कुठेच नाही. प्रत्यक्षात मात्र त्याच्याशिवाय कोयता चालत नाही. मजुरी जोडप्यावर बांधलेली असल्यामुळे मुलांसाठी आईने गावी थांबायचे ठरवले, तर उचल निम्मी होते आणि नवऱ्याला जोडीला दुसरे कुणीतरी शोधावे लागते. म्हणून दोघेही जातात. दोघेही फडात असताना खोपीतल्या दीड वर्षाच्या पोराकडे कोण बघणार? आठ-दहा वर्षांची बहीण. पाणी आणणे, चूल पेटवणे, धाकट्याला सांभाळणे ही तिची कामे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो, आणि हंगाम आखूड असेल तर त्याच्या हातांची गरज आणखी वाढते. शिक्षण खाते ज्याला गळती म्हणते, ती या घराच्या दृष्टीने पाळणाघराची बिनपगारी नोकरी आहे. तिसरीतल्या मुलीला शाळेत पाठवायचे असेल तर आधी तिच्या कडेवरचे मूल कुणीतरी घ्यायला हवे. हा भाग इतका उघड असूनही शिक्षणाच्या परिपत्रकांत तो जवळजवळ दिसत नाही. अंगणवाडी एका खात्याकडे, शाळा दुसऱ्याकडे, कामगार तिसऱ्याकडे आणि साखर सहकाराकडे.

मुलगी मोठी झाली की प्रश्न वेगळे वळण घेतो. वयात आलेल्या मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे आणि फडावरच्या उघड्या खोपीत तरी कसे न्यायचे, या पेचातून सुटण्याची एकच रूढ वाट आहे, तिचे लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात सुमारे ४४, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सगळा दोष ऊसतोडीचा नाही. दुष्काळ आहे, हुंडा आहे, जातीपातीच्या रीती आहेत. पण नवे लग्न म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल, हे गणितही त्यात आहेच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर गदारोळ झाला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा याच व्यवस्थेचे दुसरे टोक लोकांसमोर आले. तिथे शरीरच खाड्याच्या हिशेबात धरले जात होते.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. साखरशाळा निघाल्या, कारखान्याच्या आवारात मुलांना गोळा करून शिकवण्याचा तो प्रयत्न काही ठिकाणी मनापासून झाला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवे, या तत्त्वाने साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर होते, यात वाद नाही. मग स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आली: गावच्या शाळेने पत्रक द्यायचे आणि जिथे मूल जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर झाली. या यादीत एक समान धागा आहे. प्रत्येक उपाय मुलाला कुटुंबापासून सुटे करून पाहतो आणि कुटुंबाचा करार जिथल्या तिथे ठेवतो.

हमी पत्रकाचेच घ्या. उसाच्या पट्ट्यात सगळ्या टोळ्या एकसारख्या राहत नाहीत. बैलगाडीवाल्या गाडी सेंटरची कुटुंबे कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर मुक्कामाला असतात. तिथे शाळा एक, पत्ता एक, मास्तरांना मुले रोज दिसतात. अशा ठिकाणी पत्रक चालते, आणि जिथे शिक्षकांनी अड्ड्यावर जाऊन मुले आणली तिथे चांगले चाललेही. डोकी सेंटरचे तसे नाही. मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरणारी ही टोळी जिथे ऊस तिथे पाल टाकते. आठ-पंधरा दिवसांत फड संपला की दुसरे गाव, कधी दुसरा तालुका, कधी कानडी मुलूख. पत्रक घेऊन आलेले मूल हजेरीपटावर येते ना येते तोच टोळी उठते. त्याला शाळेत टिकवायचे तर टोळी पुढे कुठे जाणार हे शाळेला आधी कळायला हवे. ही माहिती कारखान्याच्या शेती विभागाकडे असते, कारण तोडणीचा कार्यक्रम तोच लावतो. कुठल्या गटात कुठली टोळी कधी तोडणार, याच्या नोंदी तिथे रोज होतात. ट्रकचा नंबर नोंदवला जातो, उसाचे वजन नोंदवले जाते. टोळीबरोबर सहा ते चौदा वयाची मुले किती, हा रकाना मात्र त्या वहीत नाही.

एवढ्यावर कुणी म्हणेल, वसतिगृहे चांगली चालवली की झाले, मुले गावीच राहतील. मोठ्या मुलांपुरते हे मला मान्य आहे. आठवी ते बारावीच्या मुलामुलींना चांगल्या वसतिगृहाइतका दुसरा आधार नाही, आणि मंजूर वसतिगृहे भाड्याच्या अपुऱ्या जागेतून हक्काच्या इमारतीत गेली पाहिजेत. पण सहा वर्षांच्या पोराला पाच महिने आईबापापासून दूर ठेवणे हा उपाय आपण आपल्या घरात स्वीकारू का? जे आपण स्वतःच्या मुलांसाठी क्रूर मानू, ते धोरण म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना देताना निदान थोडे अडखळावे. दुसरा आक्षेप यंत्राचा. तोडणी यंत्रे वाढत आहेत, दहा-पंधरा वर्षांत हा प्रश्न आपोआप मिटेल, असे साखर क्षेत्रातले लोक सांगतात. यंत्राला रुंद सरी लागते, सलग क्षेत्र लागते, वळायला जागा लागते. गुंठ्यागुंठ्यांत वाटल्या गेलेल्या आपल्या शेतीत आणि ओल्या रानात ते सगळीकडे चालत नाही, म्हणून अडचणीचा फड माणसांच्याच वाट्याला उरतो. यंत्रे जसजशी वाढतील तसतशी माणसांना मिळणाऱ्या कामाच्या दिवसांची संख्या घटेल आणि वर सांगितलेला हिशेब आणखी तुटीचा होईल. शिवाय आज पहिलीत असलेले मूल दहा-पंधरा वर्षे थांबणार नाही.

खर्च कोणी करायचा, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, वजा होतो. त्यामुळे मजुराच्या बाजूने बोललेला प्रत्येक रुपया ऊस उत्पादकाला आपल्या खिशातून गेल्यासारखा वाटतो, आणि कारखाने हात वर करतात की करार तोडणी-वाहतूक संस्थेचा आणि मुकादमाचा, आमचा नाही. मालक सापडत नाही असा हा एकमेव मोठा उद्योग असावा. पण पैशाचा एक मार्ग आधीच खुला झालेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. साडेआठशे लाख टनांच्या वर्षीही दोन्ही मिळून १७० कोटी रुपये होतात. तेराशे लाख टनांच्या वर्षी २६०. या रचनेत एक खोट आहे: निधी टनावर बांधल्यामुळे हंगाम आखूड झाला की तोही आटतो, आणि कुटुंबांना त्याची सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच वर्षी असते. भरल्या वर्षाचा काही भाग राखून ठेवून तो तुटीच्या वर्षी वापरायचा, एवढी व्यवस्था करायला नवा कायदाही लागत नाही. मालक सापडत नाही ही अडचणही सोडवता येते: माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला तेव्हाही मालक कोण हे धड सांगता येत नव्हते. मंडळ मध्ये उभे केले, नोंदणी आणि वसुली त्याच्याकडे दिली, आणि काम चालू झाले.

शेवटचा आक्षेप शिक्षण खात्यातून येतो: वार्षिक वेळापत्रक एका समूहासाठी मोडता येत नाही. मोडायचे कारणच नाही. जून ते ऑक्टोबर या पहिल्या सत्राचे मूल्यमापन गाव सोडण्याआधी पूर्ण करून ते मुलाच्या नावावर पक्के नोंदवता येते, आणि दुसरे सत्र जिथे होईल तिथे. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्याने २०२३ मध्ये आणली. फडावरून उशिरा परतलेल्या मुलाला हा नियम जसाच्या तसा लावला, तर त्याने न केलेल्या करारासाठी त्याला नापास केल्यासारखे होईल.

जानेवारी २०२४ चा करार तीन हंगामांपुरता होता. पुढच्या बोलणीत दर कितीने वाढावा यावर रस्सीखेच होईल आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच कागदावर आणखी काही कलमे यायला हरकत नाही. हंगाम अमुक दिवसांच्या आत संपला तर उचलीची उरलेली बाकी पुढच्या वर्षावर न ढकलता महामंडळाने आणि कारखान्याने वाटून घ्यावी. दर टोळीमागे एक सांभाळणारी बाई धरावी आणि तिची मजुरी तोडणी खर्चात मांडावी, म्हणजे आठ वर्षांची बहीण मोकळी होईल. कारखान्याच्या शेती विभागाने टोळीच्या हालचालीची यादी दर आठवड्याला गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवावी. आणि या बोलणीच्या टेबलाला साखर संघ, संघटना आणि मुकादम यांच्याबरोबर शालेय शिक्षण विभागाच्या सचिवांचीही खुर्ची असावी.