अठरानंतर काम कुठे?

विशेष शाळेत शिकणाऱ्या मुलाचा अठरावा वाढदिवस जवळ आला की घरात धाकधूक सुरू होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यापुढे कायद्यात शब्द बरेच आहेत, हाती पडते ते थोडे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटांसाठी आहे. पण भरतीची परीक्षाच ज्याला देता येत नाही त्याला तो काय कामाचा? खासगी मालकांना सवलती देऊन त्यांच्याकडच्या कामगारांत दिव्यांगांचे प्रमाण निदान 5 टक्क्यांपर्यंत न्यावे असे 35 वे कलम सांगते, तेही सरकारच्या आर्थिक ऐपतीत बसेल तेवढे.

म्हणून पुण्यात अनेक घरांची मदार संस्थांच्या कार्यशाळांवर असते. 1964 पासून बौद्धिक अक्षम मुलांसाठी काम करणारी कामायनी हे त्यातले जुने नाव. कार्यशाळेत मूल सुरक्षित असते, मित्र असतात, आईला दिवसाचे काही तास मोकळे मिळतात. हे कमी लेखण्यासारखे अजिबात नाही. पण पणत्या आणि आकाशकंदील दिवाळीपुरते खपतात, आणि हाती येते ती रक्कम बहुधा विद्यावेतनाच्या पुढे जात नाही. अशा कार्यशाळा हव्यात की नकोत, हा वाद अमेरिकेत टोकाला गेला. व्हरमाँट राज्याने 2002 पर्यंत अशा कार्यशाळा बंद करून सगळा भर खुल्या बाजारातल्या नोकऱ्यांवर दिला. जर्मनीत मात्र आजही सुमारे 3 लाख माणसे त्यांत काम करतात. आम्हाला दोन्ही टोके मान्य नाहीत. परतायला जागा हवी, आणि बाहेर पडायला दारही हवे.

ते दार पुण्याच्या मार्केट यार्डात उघडू शकते असे आम्हाला वाटते. भुसार विभागात शेंगदाणे निवडणे, बेदाणे साफ करणे, डाळी अर्ध्या-एक किलोच्या पिशव्यांत भरून सील करणे ही कामे रोजची आहेत. क्रम ठरलेला, हात तोच, माल तोच. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासाठी दहा खणांचा ट्रे पुरतो: सगळे खण भरले की दहा पिशव्या झाल्या. काट्यावर कोणता आकडा दिसायला हवा, त्याचा कागद शेजारी चिकटवला की वजनही जुळते. विशेष शिक्षक वर्गात हेच करतात. कामाचे तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा हातात बसवतात. ते गाळ्यावर करायला कोणी जात नाही, एवढेच.

विरोधातले मुद्देही खरे आहेत. यार्डात भल्या पहाटेपासून ट्रक-टेम्पोंची वर्दळ, हातगाड्यांची घाई, आरडाओरडा. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलाला फळबाजारात, त्यातही रविवारच्या आवकेत उभे करणे हा छळ ठरेल. दुसरा मुद्दा मजुरीचा, आणि तो जास्त गंभीर आहे. निवडण-टिपणाची कामे आज गरीब बायका करतात. ‘दया म्हणून ठेवलाय’ असे म्हणत कोणी या मुलांना निम्म्या दराने राबवले तर मुलांचेही नुकसान आणि त्या बायकांचेही. ही भीती हवेतली नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या 26 व्या कलमाने अपंग कामगारांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा सरकारला दिली होती. म्हणून दर नगावर असेल तर सगळ्यांना एकच हवा. पिशव्या कमी भरल्या तर पैसे कमी मिळतील, पण पिशवीचा भाव माणूस पाहून बदलता कामा नये.

तिसरी अडचण व्यापाऱ्याची. एका गाळ्यावर दिवसभराचे पॅकिंग नसते, आणि शिकवायला सोबत उभा राहणारा माणूस त्याला परवडत नाही. याचे उत्तर यार्डाच्या इतिहासातच आहे. हमालालाही एकच मालक नव्हता. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने इथे जी चळवळ उभी केली तिच्यासारख्या लढ्यांतून 1969 चा माथाडी कायदा आला. मालकांनी मजुरी आणि त्यावरची लेव्ही त्या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायची, मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपचार पाहायचे. त्याच धर्तीवर पाच-सहा गाळ्यांनी मिळून दोन-तीन मुलांना काम द्यावे, पैसे एका नोंदणीकृत संस्थेकडे भरावेत, आणि सोबत्याचा पगार दिव्यांग कल्याण विभागाने उचलावा. राज्याने 2022 मध्ये हा स्वतंत्र विभाग काढला, त्याचे आयुक्तालय पुण्यातच आहे. सुरुवात मात्र सोळाव्या वर्षी, शाळेत असतानाच व्हावी: आठवड्यातून दोन सकाळी, त्याच शिक्षकाबरोबर, त्याच बसने. बसचा नंबर ओळखणे आणि चुकीच्या थांब्यावर उतरल्यास कोणाला विचारायचे हे शिकायला पिशवी भरण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

एक गोष्ट सरकारला आधी निस्तरावी लागेल. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेला बांधलेले आहे. मुलगा कमावू लागला आणि अनुदान बंद पडले, पुढे काम सुटले, तर पुन्हा दाखले, पुन्हा तहसील कचेरी. या धास्तीने कित्येक आईबाप मुलाला घरीच ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. कामाला लागल्यावर निदान दोन वर्षे अनुदान चालू ठेवावे, आणि काम सुटल्यास नव्या अर्जाशिवाय ते पूर्ववत व्हावे, असा शासन निर्णय आधी निघायला हवा. गाळेवाल्यांशी बोलणी त्यानंतर.