तार जोडणार असाल तरच

घरी तार जोडून भरायची आणि पेट्रोलवरही चालणारी जीप घ्यावी काय, असे काही वाचक आम्हांस विचारतात. २०२१ साली आलेल्या रँग्लर फोर-एक्स-ईची १७.३ किलोवॅट-तासांची बॅटरी जेमतेम ३४ किलोमीटर पुरते. सकाळी क्युरपीपहून पोर्ट लुईसला उतरताना ती ब्रेकसरशी थोडी भरतेही. संध्याकाळच्या चढणीवर मात्र पेट्रोल लागतेच. शामारेलच्या डोंगरात बॅटरी संपली तरी गाडी अडत नाही, हे खरे सुख! परंतु रोज रात्री तार जोडण्याचा ज्यांना कंटाळा, त्यांनी ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रिकाम्या बॅटरीचे ओझे वाहत ती साध्या रँग्लरपेक्षाही जास्त पेट्रोल पिते. शिवाय मॉरिशसची बहुतेक वीज कोळसा व तेल जाळूनच होते. छपरावर सौर पॅनेल आधी बसवावे. जीपसाठी कर्ज त्यानंतर काढावे.