जिभेवर विरणारी गोळी

आमच्या आक्कांचें वय ऐंशीच्या पुढें गेलें, तेव्हांपासून त्यांस गोळी गिळणें हें संकटच झालें. घोटाबरोबर गोळी अडे व ठसका लागे. म्हणून मी, जुन्या वैद्यांचें अनुपान स्मरून, त्यांची रक्तदाबाची गोळी खलांत घोटून मधांतून देऊं लागलों. चौथ्या दिवशीं त्यांस घेरी आली. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, दिवसभरांत हळूहळू सुटावयाचें औषध आपण एकदम दिलेंत!” सद्हेतु होता, ज्ञान नव्हतें.

त्यांनीं ती गोळी बदलली. आणि मळमळीसाठीं ऑन्डान्सेट्रॉनची जिभेवर विरणारी गोळी दिली.

अशा गोळ्यांच्या घडणीच्या प्रमुख तऱ्हा दोन. एकींत औषधाचें द्रावण गोठवून निर्वातांत त्यांतील बर्फाची वाफ करितात; मागें सच्छिद्र, हलकी वडी उरते. १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालेली लोराटाडिनची गोळी याच जातीची. दुसरींत क्रॉस्पोविडोनासारखें द्रव्य मिसळतात. तें लाळ शोषून फुगतें व गोळी फोडतें. तेथील औषध-नियामकांच्या २००८ च्या सूचनेप्रमाणें ती सुमारें ३० सेकंदांत विरावी.

मात्र वाचकांनीं एक भ्रम टाळावा. तोंडांत विरली म्हणून ती लवकर लागू पडतेच असें नाहीं. बहुधा औषध लाळेबरोबर पोटांत जाऊनच शोषलें जातें. हात कोरडे असावेत. वेष्टन सोलावयाचें असल्यास गोळी दाबून काढूं नये. आणि कोणतीही गोळी कुटण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

आक्का आतां स्वहस्तें गोळी घेतात. खल पुनश्च वेलदोड्यांकडे गेला आहे.