चुलीचा अभिमान आणि चिमणीतली काजळी

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका घरी गेले होते. माणसं जिव्हाळ्याची, तिळाच्या वड्या अगदी घरच्यासारख्या. दिवाणखान्यात विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा इन्सर्ट, म्हणजे काचेच्या दाराची बंद शेगडी, बसवलेला होता. त्याची काच इतकी काळी झालेली की आतला जाळ धड दिसत नव्हता. ओंडक्यांच्या टोकांतून पाणी फसफसत होतं. रात्रभर पुरावं म्हणून यजमानांनी ते ओंडके ठासून भरले, वर जेवणाच्या कागदी ताटल्या कोंबल्या आणि हवेचा खटका पार मिटवून टाकला. चिमणी शेवटची कधी साफ केली होती, असं मी विचारलं. उत्तर आलं, "अहो, आपण चुलीवर वाढलेली माणसं. आपल्याला जाळ काय शिकवायचा?" सगळ्यांनी माना डोलावल्या, चुलीवरच्या भाकरीच्या आठवणी निघाल्या आणि माझा प्रश्न तिथेच राहिला.

सणाच्या दिवशी मी वाद घातला नाही. पण हेच वाक्य मी आता इतक्या घरांत ऐकलं आहे की गप्प बसवत नाही. डिसेंबर 2008 च्या बर्फाळ वादळात आणि पुन्हा ऑक्टोबर 2011 च्या हिमवादळात इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये दिवसच्या दिवस वीज गेली. त्यानंतर आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांनी इन्सर्ट बसवून घेतले. निर्णय शहाणपणाचाच होता. बसवल्यानंतर मात्र त्याच्याकडे कुणी पाहत नाही, आणि का पाहत नाही याचं कारण दर वेळी तेच: आम्हाला चूल माहीत आहे.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, आजोळ सौंसरचं. तेव्हा दोन्ही गावं छिंदवाडा जिल्ह्यात होती, 2023 पासून पांढुर्णा हाच जिल्हा झाला. दोन्ही घरांत चूल होती, अंगणात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. चूल माहीत असणं म्हणजे काय असतं, ते मी तिथे रोज पाहिलं. आजी पहाटे उठली की आधी कालची राख काढायची, मग चुलीला पोतेरं द्यायची, आणि मगच विस्तव. चुलीला तडा गेला तर त्याच दिवशी माती कालवून तो लिंपला जायचा. तुराट्या, पराट्या आणि संत्र्याच्या बागेतून काढलेली सल पावसाळ्याआधी कोठ्यात रचली जायची. एखादं ओलं लाकूड हातात दिसलं की आजी म्हणायची, "वल्लं जयतन लावू नको वं, धूर होते." बंबाखालची राख आजोबा रोज स्वतः काढत. आणि थंडी कितीही असली तरी दार लावून, शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

म्हणजे आपल्याकडे जाळाबरोबर त्याची रोजची निगाही होती. इकडे येताना आपण जाळाची आठवण तेवढी आणली, निगा तिकडेच ठेवली. माझी खरी तक्रार ही आहे.

आणि ज्यांना चूल खरोखर माहीत आहे, त्यांच्या तर आधी लक्षात यायला हवं की इन्सर्ट ही चूल नाही. चुलीपुढे माणूस बसलेलं असतं. जाळ वाढला तर ते लाकूड मागे ओढतं, धूर झाला तर फुंकणी घेतं. काही बिघडलं की आधी त्याचेच डोळे चुरचुरतात. इन्सर्टला दार आहे, काच आहे. आपण वरच्या मजल्यावर झोपलेले असताना तो जळत राहतो. त्याचा धूर आपल्या डोळ्यांत जात नाही, चिमणीत जातो. बिघाड होतो तोही तिथेच, जिथे कुणाचीच नजर पोचत नाही. शिवाय आपलं घर मातीच्या भिंतींचं आणि कौलांचं होतं. इथलं घर आतून-बाहेरून लाकडाचं आहे आणि त्याला लागून लाकडाचाच डेक आहे.

चिमणीत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ओल्या लाकडातली बरीचशी उष्णता आधी त्यातलं पाणी उकळण्यात खर्च होते. जाळ थंड राहतो आणि लाकडातून निघालेली वाफ, डांबर, वायू पुरते जळत नाहीत. हवा कोंडली तरी हेच होतं. हा अर्धवट जळलेला धूर चिमणीच्या गार भिंतीला लागला की तिथे थिजतो. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो भुकटीसारखा असतो, ब्रशने सहज निघतो. पुढे त्याचे पापुद्रे होतात. शेवटी डांबराचा चकचकीत, कडक थर बसतो आणि तो साध्या ब्रशला दाद देत नाही. क्रिओसोट स्वतःच उत्तम जळण आहे. एखाद्या दिवशी जाळ जास्त झाला, एखादी ज्वाळा वर पोचली, की चिमणीच आतून पेटते. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. विटांमधल्या मातीच्या नळ्या तडकतात आणि त्या फटींतून उष्णता थेट घराच्या लाकडी सांगाड्याला भिडते. काही आगी इतक्या मुकाट्याने होतात की घरच्यांना पत्ताही लागत नाही, पुढच्या तपासणीत तडे सापडतात. काही मात्र घोंघावतात. पांढुर्ण्याला रुळांजवळ राहून ज्यांनी रात्रीची मेल धडधडत जाताना ऐकली आहे, त्यांना तो आवाज ओळखू येईल. तसा आवाज आला तर हाताशी असेल तेवढं दार आणि हवा बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि 911 ला फोन करा. इन्सर्टवर पाणी ओतू नका. आणि नंतर पुरती तपासणी होईपर्यंत त्यात काडीही पेटवू नका.

हे टाळायला काय लागतं? पहिली गोष्ट, वाळलेलं लाकूड. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं. विकणारा "सीझन्ड" म्हणतो त्यावर जाऊ नका. ओलावा मोजायचं छोटं यंत्र फार महाग नसतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या भागाला ते टोचायचं, वरच्या सालीला नाही. आमच्या घरी लाकूड वसंतात येतं. फोडून, जमिनीपासून उचलून, बाजू उघड्या आणि फक्त माथा झाकून आम्ही ते रचतो. मेपल, बर्चला साधारण एक उन्हाळा पुरतो. ओकला बहुतेक दोन लागतात. सौंसरला मृगाआधी कोठा भरायचे, इथे बर्फाच्या कितीतरी आधी भरायचा, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, हवा. रात्रभर धुमसत ठेवण्याचा मोह सोडा. लहान, तेजस्वी जाळ करा. तो विझला तर विझू द्या. काच वरचेवर काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. पेटवताना दाराची फट उघडी ठेवून उठून जाऊ नका. दाराच्या कडेची दोरी, म्हणजे गॅस्केट, तपासायला एक कागद दारात धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर दोरी बदलायची वेळ झाली. आतल्या विटा आणि वरचा आडवा पडदाही थंडी सुरू होण्याआधी पाहून घ्या.

तिसरी गोष्ट, लायनर. जुनी घरं घेतलेल्यांनी हे लक्ष देऊन वाचा. उघड्या फायरप्लेसची चिमणी प्रशस्त असते आणि इन्सर्टचं तोंड साधारण सहा इंचांचं. त्या मोठ्या पोकळीत धूर रेंगाळतो, गार होतो आणि क्रिओसोट भराभर साठतो. म्हणून इन्सर्टपासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर, हवी. पूर्वी अनेक घरांत इन्सर्ट नुसताच फायरप्लेसमध्ये ढकलून बसवत. तुमच्या घरात आधीच्या मालकाने बसवलेला इन्सर्ट असेल तर तो परवान्याने बसवला होता का, हे गावाच्या बिल्डिंग खात्यात विचारा. मॅसॅच्युसेट्समध्ये असा परवाना आणि बसवल्यावरची तपासणी बंधनकारक आहे.

चौथी गोष्ट तीच, जी मी हळदीकुंकवात विचारली. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या 211 क्रमांकाच्या मानकात चिमणीची तपासणी दर वर्षी सांगितली आहे, वापर कितीही कमी असो. पक्षी घरटं करतात, टोपण उडतं, विटा निखळतात. जाणकार, प्रमाणित माणूस बोलवा आणि त्याला लायनर आतून पाहायला सांगा. एका जेवणावळीला आपण जितके पैसे सहज खर्च करतो, त्यापेक्षा हा खर्च जास्त नसतो. आजी पोतेरं रोज देत होती, आपल्याला वर्षातून एकदा माणूस बोलवायचा आहे.

चुलीच्या आठवणींबद्दलही बोलायला हवं. चुलीवरची भाकर मलाही आठवते. तिच्याबरोबर आजीचा खोकला आठवतो, आणि तिचे कायम लाल झालेले डोळे. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर सिलिंडर पोचू लागले. आज सौंसरला आमच्या घरी गॅसवर स्वयंपाक होतो आणि त्याचं कुणालाही दुःख नाही. परंपरेच्या अभिमानापुढे जखमा दिसेनाशा होतात, हे तर पांढुर्ण्याच्या माणसाला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाच्या झेंड्यासाठी गोटमार, म्हणजे दगडफेक, होते, दर वर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, काहींनी जीवही गमावलेत, आणि दर वर्षी उत्तर एकच असतं: आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे. दिवाणखान्यातल्या जाळाबद्दल तरी आपण हे उत्तर देऊ नये.

आणखी काही गोष्टी आहेत, त्या थोडक्यात सांगते. राख कागदी पिशवीत किंवा खोक्यात भरून डेकवर ठेवू नका. राखेखाली निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्या आणि तो घरापासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. 2005 च्या जानेवारीत प्लिमथमध्ये बर्फाने घराच्या हीटिंगचं धुराचं तोंड बुजलं आणि निकोल नावाची सात वर्षांची मुलगी दगावली. तिच्याच नावाच्या कायद्याने 2006 पासून या राज्यात हे अलार्म सक्तीचे झाले. या वायूला वास नसतो. चुलीवर वाढलेल्या माणसालाही तो कळत नाही. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, भेटवस्तूंचे कागद, जेवणाच्या ताटल्या इन्सर्टमध्ये जाळू नका. कॅम्पिंगहून येताना लाकूड आणू नका. 2008 मध्ये वूस्टरला सापडलेल्या, लाकडातून पसरणाऱ्या आशियाई भुंग्यापायी इथली हजारो झाडं तोडावी लागली आहेत. आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत आपला धूर जातो, हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

लिहिता लिहिता आवाज चढला, याची मला जाणीव आहे. ज्यांच्या घरी हे घडलं, त्यांनी मला नेहमी बहिणीसारखं वागवलं आहे. त्यांना हे वाचून वाईट वाटलं तर मी मनापासून क्षमा मागते. परक्या देशात थंडीच्या रात्री लाकडाच्या जाळापुढे बसावंसं का वाटतं, ते मला पुरतं कळतं. मीही बसते. म्हणून जाळ बंद करा, असं मी कुणालाच म्हणत नाही.

आपल्या मराठी मंडळाकडे मात्र एक मागणी आहे. गणपतीच्या कार्यक्रमात ज्यांच्या घरी लाकडाचा इन्सर्ट किंवा स्टोव्ह आहे त्यांची यादी करू या. एकाच भागातल्या घरांनी मिळून सप्टेंबरमध्येच चिमणी साफ करणाऱ्याची वेळ घ्यावी, कारण पहिल्या थंडीनंतर त्यांची वेळ मिळत नाही. ओलावा मोजायची दोन यंत्रं मंडळाने घ्यावीत आणि पुस्तकांसारखी घरोघर फिरवावीत. एखाद्या शनिवारी गावच्या अग्निशमन दलाला बोलवावं, मुलांनाही बसवावं. यादी करायचं आणि फोन लावायचं काम मी घेते. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जाल तेव्हा काच काळी दिसली तर संकोच न करता विचारा, चिमणी कधी साफ केली? आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर उत्तरात चूल नको, तारीख सांगा.